पहिले शील आणि गर्भपाताचा प्रश्न

घोटी आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांतील नवदीक्षित कुटुंबांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. त्रिशरण-पंचशील ग्रहण करताना आपण पहिल्याच शीलात प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे व्रत घेतो. मग दिवस राहिलेल्या बाईने गर्भ पाडून घेतला तर तिचे शील मोडले काय? आणि मोडले असेल, तर बौद्ध माणसाने गर्भपाताला मुभा देणाऱ्या कायद्याला विरोध केला पाहिजे काय? हा प्रश्न विचारणारे बहुधा पुरुष असतात, ही गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो. बाया विचारतात तेव्हा प्रश्न निराळा असतो. त्या हळूच विचारतात, "आता मला काही लागेल का?" त्यांच्या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे.

पुरुषांच्या प्रश्नात खरे म्हणजे दोन प्रश्न एकात एक गुंतले आहेत. शील मोडले काय, हा ज्याने त्याने स्वतःच्या मनाशी करावयाचा विचार आहे. कायदा कसा असावा, हा दुसऱ्याला तुरुंगात घालावे की नाही याचा विचार आहे. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावले की घोटाळा होतो, आणि जगात आज जो वाद माजला आहे त्याच्या मुळाशी हाच घोटाळा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली गर्भपाताचा हक्क मान्य केला. त्याविरुद्ध तेथील चर्चच्या अनुयायांनी जवळजवळ ५० वर्षे मोर्चे काढले आणि २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने तो हक्क काढून घेतला. त्याच वर्षी १० ऑगस्टला दिल्लीत कॅथलिक ख्रिस्ती लोकांनी आपल्या देशातील कायद्याविरुद्ध मोर्चा काढला. आपल्याकडील वैद्यकीय गर्भपात कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तो दिवसही १० ऑगस्टच, साल १९७१. ख्रिस्ती बांधवांना त्यांच्या श्रद्धेप्रमाणे बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु 'सगळे धर्म हेच सांगतात' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा तथागतांच्या धम्माचे नाव त्या यादीत परस्पर घातले जाते. म्हणून आपल्याला बोलणे भाग आहे.

प्रथम धम्मग्रंथ काय सांगतात ते प्रामाणिकपणे मांडू या. लपवाछपवी नको. विनयपिटकात भिक्खूला संघातून कायमचे दूर करणारे चार अपराध सांगितले आहेत. त्यांना पाराजिक म्हणतात. तिसरा पाराजिक मनुष्यवधाचा. मनुष्य कोणाला म्हणावे हे सांगताना विनयाने मातेच्या उदरात विज्ञान प्रथम उत्पन्न होते तेव्हापासून मरणापर्यंत अशी मर्यादा घातली आहे. गर्भ पाडण्याचे औषध देणाऱ्या भिक्खूंची प्रकरणे तेथे नोंदलेली आहेत, आणि गर्भ दगावला तेथे तो भिक्खू पाराजिक ठरला आहे. उपसंपदेला २० वर्षांचे वय लागते. ते वयसुद्धा गर्भधारणेपासून मोजण्यास भगवंतांनी अनुज्ञा दिली. तेव्हा गर्भ म्हणजे काहीच नव्हे, वाढलेले नख कापून टाकावे तसे ते आहे, असे बौद्ध माणसाला म्हणता येणार नाही. आपल्यातील काही शिकलेले तरुण तसे म्हणतात. त्यांनी विनय उघडून पाहिलेला नाही.

पण हाच विनय नीट वाचला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. नियम भिक्खूला आहे. ज्या बाईने औषध मागितले तिला राजाच्या शिपायाकडे द्यावे, तिला दंड करावा, असे विनय कोठेही सांगत नाही. उपासकाच्या शीलाची जातच निराळी आहे. शील ही वरून आलेली आज्ञा नव्हे. उपासक स्वतः याचना करतो, भन्ते उच्चारतात, आणि उपासक आपल्या तोंडाने ते ग्रहण करतो. मोडले तर पुन्हा ग्रहण करतो. शेजारणीच्या वतीने शील घेता येत नाही आणि तिच्यावर लादताही येत नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या बाबतीत आपल्या हाती एक फार मोलाची किल्ली दिली आहे. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात अहिंसेचा विचार करताना ते तत्त्व आणि नियम असा भेद करतात. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व माणसाला विचार करण्याची मोकळीक ठेवते. त्याचप्रमाणे मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतही ते भेद करतात. ब्राह्मणी धर्मात मारण्याची इच्छा होती, जैन धर्मात काही झाले तरी न मारण्याचा निर्धार होता. तथागतांची अहिंसा या दोन टोकांच्या मधून जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. अहिंसा त्यांनी पातळ केलेली नाही. उलट नियम पाळणे सोपे असते. तत्त्व पाळायचे तर प्रत्येक वेळी डोके चालवावे लागते आणि स्वतःच्या हेतूला प्रश्न विचारावा लागतो.

आता हा भेद प्रत्यक्ष लावून पाहा. एका बाईचे हृदय अधू आहे आणि डॉक्टर सांगतात की हे बाळंतपण तिला झेपणार नाही. एका पोरीवर अत्याचार झाला आहे. एक बाई तीन लेकरांची आई, नवरा दारूत बुडालेला, आणि ती भातगिरणीत पोती उचलून घर चालवते. चौथ्या घरात दोन मुली आहेत, सोनोग्राफीत चोरून तिसरीही मुलगी कळली आहे, आणि सासू म्हणते की हिला मोकळी करून आणा. बाहेरून पाहिले तर चारही ठिकाणी क्रिया एकच घडते. पण पहिल्या तिघींच्या मनात मारण्याची इच्छा कोठे आहे? चौथ्या घरात ती आहे, आणि ती बहुधा त्या बाईच्या मनात नसून तिच्याभोवती बसलेल्यांच्या मनात आहे. शीलाचा प्रश्न तेथे विचारावा. त्या घरातील पुरुष आणि वडीलधारी माणसे त्याला उत्तर द्यायला बांधलेली आहेत.

संकटात सापडलेल्या गर्भवतीशी धम्माने कसे वागावे, याचे उदाहरण जातकाच्या अट्ठकथेत आहे. एक तरुण स्त्री भिक्खुणी झाली. काही काळाने ती गरोदर असल्याचे दिसून आले. ती देवदत्ताच्या बाजूच्या संघात होती. देवदत्ताने चौकशी न करता, आपल्या नावाला बट्टा लागेल म्हणून, तिला घालवून दिले. ती तथागतांकडे गेली. तथागतांनी उपालीला निवाडा करायला सांगितला, आणि उपालीने विशाखेला बोलावले. बाईच्या देहाची गोष्ट बाईला कळते, एवढे शहाणपण त्या काळी होते. विशाखेने पडद्याआड तिला तपासले, दिवसांचा हिशेब केला आणि सांगितले की गर्भ प्रव्रज्येच्या आधीचा आहे. ती संघात राहिली. तिचे मूल पुढे कुमार काश्यप नावाचा मोठा भिक्खू झाला. देवदत्ताला अब्रूची काळजी होती. विशाखेने तिला तिचे दिवस विचारले. आपल्या वस्तीत कोणा मुलीचे असे काही कळले की आपण या दोघांपैकी कोणासारखे वागतो, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

आपल्या देशातील कायदा दीर्घकाळ देवदत्ताच्याच वाटेने गेला. इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंडसंहिता केली. तिच्यात गर्भ पाडणारा तर गुन्हेगार होताच, स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही गुन्हेगार होती. समाज मात्र विधवेला पुनर्विवाह करू देत नव्हता. १८६३ साली पुण्यात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेने, फसवणुकीतून झालेले मूल मारले म्हणून तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा पुरुष मोकळाच राहिला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काय केले? त्यांनी काशीबाईच्या पापाची चर्चा केली नाही. त्यांनी त्याच वर्षी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि अशा बायांनी येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे असे जाहीर केले. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अशाच आरोपाखाली आधी फाशीची शिक्षा सुनावली गेली, मग ती जन्मठेपेवर आली. त्या वेळी वर्तमानपत्रांनी बायकांच्या जातीवर जी चिखलफेक केली तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. मूल वाचवायचे असेल तर आधी आईला आसरा द्यावा लागतो, हे फुल्यांना कळले होते. आज गर्भाच्या नावाने घोषणा देणाऱ्यांपैकी किती जणांनी असे एखादे घर उघडले आहे, हे मी विचारतो.

बाबासाहेबांचा मार्ग याच रांगेतला आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी सुट्टी देणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुराबद्दल खटला झाला, तेव्हा १९३४ साली ते त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या पक्षाचे आमदार रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाची साधने सरकारने लोकांना पुरवावीत असा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागत्या तर त्यांनी एकाहून अधिक मूल होऊ दिले नसते, अशा अर्थाचे रोखठोक बोल त्यात होते. ठराव पडला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आपल्या आयाबहिणींना फार मुले होऊ देऊ नका असे सांगितले. सरकारने साधने द्यावीत, निर्णय बाईने करावा, हा त्यामागचा विचार. गर्भपात करण्याची पाळीच येऊ नये यासाठी ज्याने आयुष्यभर खटपट केली, त्याच्या अनुयायांना गर्भपाताविरुद्ध मोर्चात जाण्याची गरज नाही.

मात्र सरकारचा हात उलट्या दिशेनेही फिरतो, हे विसरू नये. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. एक म्हणतो जन्म दिलाच पाहिजे, दुसरा म्हणतो देताच कामा नये. दोघेही बाईला विचारत नाहीत.

१९७१ चा कायदा कसा आला हेही थोडक्यात सांगतो. चोरून केलेल्या गर्भपातात बाया मरत होत्या. म्हणून केंद्र सरकारने १९६४ साली शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने १९६६ अखेर अहवाल दिला आणि १ एप्रिल १९७२ पासून कायदा लागू झाला. पुष्कळांचा समज आहे की त्याने गर्भपाताचा गुन्हा रद्द केला. तसे नाही. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ८८ मध्ये तो गुन्हा तसाच आहे. १९७१ च्या कायद्याने त्यात अपवाद केला, एवढेच. म्हणजे दार अजून बंदच आहे, फक्त डॉक्टरच्या हाती किल्ली दिली आहे.

आता महाराष्ट्रात काय झाले ते पाहू, कारण आपल्या लोकांची दिशाभूल येथेच झाली आहे. गर्भातील मुलगी शोधून मारण्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी ६ वर्षांखालील मुलांत दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एक बाई गर्भपातात दगावली आणि पोलिसांनी उकरले तेव्हा १९ गर्भ पुरलेले निघाले. याविरुद्ध जी मोहीम झाली ती व्हायलाच हवी होती. पण भिंतीभिंतींवर 'स्त्रीभ्रूणहत्या महापाप' असे लिहिले गेले, आणि त्या शब्दाने घात केला. लोकांना वाटू लागले की गर्भपातच बेकायदा आहे. बंदी आहे ती गर्भलिंगनिदानाला आणि त्यावरून गर्भ निवडण्याला.

भ्रूणहत्या हा शब्द धर्मशास्त्रांच्या कोठारातला आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात, मुलगा की मुलगी हे न कळलेला गर्भ मारला तर ब्राह्मण मारल्याइतके प्रायश्चित्त सांगितले आहे. न कळलेला! म्हणजे तो मुलगा असू शकला असता ही त्यातली धास्ती. मुलगी असल्याचे कळले की पापाचे वजन बदलते. ज्या ग्रंथाचे दहन बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला केले, त्याच्या तराजूने मुलींचे रक्षण होणार नाही.

या घोळाचा भुर्दंड गरीब बायांना बसला. २०१२ नंतर राज्यात औषधांच्या दुकानांवर कडक नजर आली, आणि झंझट नको म्हणून पुष्कळ दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच सोडून दिले. वास्तविक या गोळ्या नऊ आठवड्यांच्या आतच द्यावयाच्या असतात, आणि तोवर सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतही नाही. मुलगी मारण्याचा आणि या गोळ्यांचा संबंध काय? कित्येक डॉक्टर तीन महिन्यांनंतरचा कायदेशीर गर्भपात करायलाही कचरू लागले. पैसेवाली बाई मोटारीतून मुंबईला जाते. घोटीच्या मजूर बाईला नाशिक ३५-४० किलोमीटर पडते. जायला एक दिवसाची मजुरी बुडते, आणि परत बोलावले तर दुसऱ्याही दिवसाची. असे करता करता आठवडे निघून जातात, आणि मग तिलाच उशीर केला म्हणून बोल लावतात.

नियम तत्त्वावर बसला की काय होते ते बेळगावच्या सविता हलप्पनवार यांच्या मृत्यूने जगाला दाखवले. त्या दंतवैद्य होत्या, आयर्लंडमध्ये राहत होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये १७ आठवड्यांचा गर्भ पडू लागला. तो वाचणार नाही हे डॉक्टरांना ठाऊक होते. त्यांनी गर्भ मोकळा करण्याची विनंती केली, पण गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर तेथील कायद्याप्रमाणे काही करता येत नाही असे उत्तर मिळाले. रक्तात विष पसरले आणि २८ ऑक्टोबरला ३१ व्या वर्षी त्या गेल्या. गर्भही वाचला नाही. २०१८ साली आयर्लंडच्या लोकांनी ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी आपल्या घटनेतले ते कलम काढून टाकले.

आपल्या घरांत काय करावे? प्रथम, कायदा माहीत करून घ्यावा. १८ वर्षे पूर्ण झालेल्या बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही, सासूची तर नाहीच. ती मागणाऱ्या दवाखान्याला तसे स्पष्ट सांगावे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. २०२१ च्या दुरुस्तीने अत्याचारग्रस्त, अल्पवयीन, अपंग, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या अशा बायांना २४ आठवड्यांपर्यंत मुभा दिली. तेथे दोन डॉक्टर लागतात. गर्भात मोठे व्यंग असेल तर त्यापुढे वैद्यकीय मंडळ ठरवते. बाईचा जीवच धोक्यात असेल तर आठवड्यांची अट आड येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही हाच हक्क आहे असे स्पष्ट केले. डॉक्टरने तिचे नाव फोडणे हा गुन्हा आहे.

आणि मुलगी असेल तर? राजा पसेनदीला मल्लिकेच्या पोटी मुलगी झाली तेव्हा तो खट्टू झाला. तथागतांनी त्याला समजावले की मुलगी मुलाहून सरस निघू शकते. अडीच हजार वर्षांपूर्वी राजाच्या तोंडावर सांगितलेली ही गोष्ट आपल्या बारशांत अजून सांगावी लागते. मुलगा झाला की घोटीच्या बाजारातून पेढे येतात आणि मुलगी झाली की घरात शांतता असते, तोवर त्या घरातील भिंतीवर कोणाचा फोटो आहे याला फारसा अर्थ नाही.

आता त्या बायांच्या प्रश्नाकडे येतो. आपल्यापासून त्र्यंबकेश्वर दूर नाही. तेथे नारायण नागबळी होतो. मूल राहत नाही, गर्भ पडला, घरात आजार आहे, अशा कारणांनी लोक तेथे जातात आणि दक्षिणा मोजतात. धम्मदीक्षा घेतलेली काही घरेही गुपचूप जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. ही खोड केवळ हिंदूंची नव्हे. जपानातील बौद्ध मंदिरांनीही न जन्मलेल्या मुलांसाठी 'मिझुको कुयो' नावाचा विधी काढला. १९७० नंतर तो फार वाढला, आणि काही ठिकाणी तर विधी न केल्यास त्या बाळाचा कोप होतो अशी भीती घालून पैसे घेतले गेले. धम्मात अमर आत्माच नाही, तर लागणार कोण? पोटातले मूल पूर्वजन्मीच्या कर्माने गेले, असेही कोणा बाईला सांगू नये. बाबासाहेबांनी कर्माचा तो अर्थ नाकारला आहे.

दुःख मात्र असते. ज्या बाईने मन घट्ट करून निर्णय घेतला तिलाही रात्री रडू येते, आणि ते रडू म्हणजे तिच्या अपराधाची कबुली नव्हे. तिला वाटले तर तिने विहारात जाऊन पुन्हा पंचशील घ्यावे, दोन घटका शांत बसावे. नवऱ्याने सोबत जावे. कोणी तिला कारण विचारू नये. नागबळीला जो पैसा गेला असता तो तिच्या औषधाला आणि खुराकाला लागू द्यावा, आणि आवणीचे दिवस असले तरी डॉक्टरने सांगितलेली विश्रांती पुरी होईपर्यंत तिला चिखलात उतरवू नये.